मारवा, समुद्राकडची बाजू

भोगव्याच्या चढावर रिक्षा थांबली.
वॉचमन म्हणाला, सामान मागच्या दारानं.
सामान म्हणजे वडिलांची पत्र्याची ट्रंक:
कानशी, पितळी सुरांची पुडी,
भात्यासाठी बकऱ्याचं पातळ कातडं
आणि डब्यात चार घावणे.

या हॉटेलात खोल्यांना नंबर नाहीत.
ललत, भैरव, तोडी एका ओळीत,
सारंगाच्या दोन, मधून दार, कुटुंबासाठी,
मालकंसाला बाथटब.
भैरवातून सूर्योदय दिसत नाही
अशी तक्रार दर आठवड्याला येते.
मॅनेजर हात जोडून सांगतात,
सर, समुद्रच पश्चिमेला आहे.

बाबलो कांदळगावकर चादरी बदलतो.
'आठ प्रहर' नावाचं पॅकेज निघालंय:
पाहुण्यानं दर तीन तासांनी खोली बदलायची,
ज्या त्या रागाच्या वेळेला ज्या त्या रागात.
"आठ खाटी, सोळा उशयो," बाबलो म्हणतो,
"आणि तो निजता खंय? लॉबीतल्या सोफ्यार."

मला मारव्यात पाठवलं.
मारव्यात पंचम नसतो, मी बाबलोला सांगितलं.
तो भिंतीवरच्या पाच ताऱ्यांकडे बघत राहिला.

कोपऱ्यात पेटी, फुलदाणीखाली.
फुलदाणी उतरवली, झाकण काढलं.
आत कुंभारणीनं मातीचं घर केलेलं,
आणि काळी एकच्या जिभेवर मीठ,
बारीक, दाणेदार, चाखून पाहिलं तर खारं.
काचा बंद असतात, एसी चालू असतो,
लाटांचा आवाज स्पीकरमधून येतो,
तरी मीठ येतंच.

टोकाशी घासलं की सूर चढतो,
मुळाशी घासलं की उतरतो.
वडिलांनी एवढंच शिकवलं, आणि हे, की
घाई असेल तर मुळाशी हात घालू नये.

दुपार गेली.
पाहुणा आला तेव्हा मी कानशीवर फुंकर मारत होते.
म्हातारा, उंच, पायांत हॉटेलच्या सपाता.
बसा, चालू द्या, म्हणाला, आणि स्वतःच बोलू लागला.
व्हिएन्नात त्याच्या खोलीत पियानो होता.
लिस्बनच्या एका हॉटेलात जिन्यावर
रोज रात्री एक बाई गायची, दिवे मालवून.
जपानात कुठेतरी लाकडी जमीन होती,
पाऊल पडलं की पाखरासारखी बोलणारी.
घडी घालून घालून मऊ झालेला कागद दाखवला:
हॉटेलांची यादी, बायकोनं केलेली.
ती आता ऐकत नाही, म्हणाला.
मेली, की बहिरी झाली?
मी विचारलं नाही. कानस पुसली.

काहीतरी वाजवा, म्हणाला.
मी वाजवत नाही. सूर लावते.
आमच्या घरात तीन पिढ्या पेट्या आल्या, गेल्या,
देवळातल्या, शाळेतल्या, दशावतारातल्या;
पुरं गाणं कुणी वाजवलं नाही.
एक सूर दाबायचा, ऐकायचा,
पुढचा दाबायचा.

मग तसंच केलं.
काळी एक दाबली, भाता सावकाश हलवला.
सूर आला, जरा खरखरला,
मग मोकळा झाला आणि थांबेना.
खाली निवतीकडून एक होडी परतत होती,
तिचं इंजिन आमच्या सुराच्या किंचित खाली धडधडत होतं,
ती जवळ येत गेली आणि अंतर तेवढंच राहिलं.
म्हाताऱ्यानं उठून काच सरकवली.
स्पीकरमधला समुद्र आणि बाहेरचा
एकाच वेळी खोलीत आले.
दोन्ही वेगळ्या लयीत.
माझा हात दुखायला लागला. मी भाता सोडला नाही.

सूर्य बुडाल्यावर त्यानं विचारलं,
याला काय म्हणतात?
काळी एक, मी म्हणाले.
यादीत शेवटच्या ओळीखाली
त्यानं ते कसंबसं लिहून घेतलं, आपल्या लिपीत.

दारावर टकटक. बाबलो, हातात किल्ली,
मागे ट्रॉलीवर म्हाताऱ्याची बॅग.
"सर, टाइम झाला. यमन. पलीकडची खोली."

म्हातारा जागचा हलला नाही.
बाबलोनं माझ्याकडे पाहिलं.
मी डबा उघडला,
घावण्याचे तीन वाटे केले.